दशांशांना भुलू नका राव!

सीएस-टू-सीएस चालवलं, दशांशानंतर तीन-चार आकडे दिसले की मंडळी खूश. मला हे बिलकूल पटत नाही.

भारताच्या लॅम्बर्ट शंकू प्रक्षेपणात (ईपीएसजी ७७५५) २४° उत्तर, ८०° पूर्व या मूळबिंदूला दोन्ही आकडे ४० लाख मीटर धरलेत. पुणे तिथून नैर्ऋत्येला, म्हणजे दोन्ही उत्तरं ४० लाखांच्या आतच हवीत. एवढं तरी तपासा की!

प्रोज ६ (२०१९) पासून ईपीएसजी ४३२६ला अक्षांश आधी लागतो. जुन्या सवयीनं रेखांश आधी दिलात, तर पुणे नॉर्वेच्याही वर समुद्रात जातं, उत्तरेचा आकडा कोटी ओलांडतो. कमांड मात्र हूं की चूं करत नाही.

उद्या याच आकड्यांवर कुणीतरी रस्ता आखणार. अक्कल कमांडकडे गहाण टाकू नका, बस्स.