रकान्यात न मावणारे परस

प्रवेशाच्या फॉर्मवर 'आईचा व्यवसाय' असा एक रकाना असतो. गेल्या वर्षी मी त्यात 'काही नाही' असे लिहिले होते. खिडकीमागच्या कारकुनांनी ते खोडून 'गृहिणी' केले. त्यांचे म्हणणे आणि माझे म्हणणे यांत फारसे अंतर नव्हते, हे मला फार उशिरा कळले.

आमचे गाव खटाव तालुक्यात. घरामागे जेमतेम अर्ध्या गुंठ्याचे परस आहे. वर्गात भूगोलाच्या सरांनी 'पर्जन्यछायेचा प्रदेश' शिकवला, तेव्हा तो आपलाच, हे ध्यानात यायला मला थोडा वेळ लागला. आईला हा शब्द ठाऊक नाही. ती आभाळाकडे बघून म्हणते, "ढग वाटंतच रिता झाला." मृगावर ती फार विसंबत नाही. चार बिया मृगात टोकते आणि चार गाडग्यात राखून ठेवते, कारण आमच्याकडे मृग बहुधा फसवतो आणि खरा हात देतो तो हस्त. उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. तेव्हा नहाणीचे पाणी अळवाला, भांड्यांचे खरकटे पाणी शेवग्याला, तांदळाचे धुवण कढीपत्त्याला अशी वाटणी ठरलेली असते. तीत चूक झाली की बोलणी खावी लागतात, ती बहुधा मी खाते.

दोडक्याची पिवळी फुले दिवस कलताना उमलतात, घोसाळ्याची पहाटे. आमच्या घरात घड्याळ आहे, पण पावसाळ्यात आई ते बघत नाही. "दोडका फुलला, दिवा लाव गं," असे ती मला लहानपणापासून सांगत आली. मी दिवा लावत आले. वेलीवर नरफूल वेगळे नि मादीफूल वेगळे, मधमाशी आली नाही तर नरफूल खुडून मादीफुलावर फिरवायचे, हेही तिनेच दाखवले. मावा पडला की ती सकाळच्या दवात चुलीची राख उधळते. काकडीचे टोक कापून आधी स्वतः चाखते. "कडू निघाली, तिचं बी धरू नगं," हा तिचा नियम आहे. बी धरायचे ते चांगल्या वेलाच्या चांगल्या फळाचे, आणि ते फळ वेलावरच वाळू द्यायचे. घरात कितीही टंचाई असो, त्याला हात लावायचा नाही. याला निवड म्हणतात आणि ती हजारो वर्षे चालली आहे, हे मी पुस्तकात वाचले. वाचताना मला आईची आठवण आली नाही, याची आता लाज वाटते.

गेल्या वर्षी मामाने संकरित दोडक्याचे पाकीट आणले. खोटे कशाला बोलू, दोडके उत्तम आले. लांब, एकसारखे आणि भरपूर. आई खूश झाली आणि सवयीप्रमाणे तिने त्यांचे बी धरले. यंदा त्या बियांतून एक आखूड, एक वाकडा, एक नुसताच जाडा असे दोडके निघाले. तिला वाटले, आपल्याच हाताला काही झाले. मी विज्ञान शाखेच्या मैत्रिणीला विचारले, तेव्हा उलगडा झाला. संकराचे गुण पुढच्या पिढीत फुटून वेगवेगळे होतात. मेंडेलने वाटाण्यावर हेच पाहिले. त्याचा निबंध १८६६ साली छापला गेला, आणि त्याचे प्रयोग मठाच्या बागेत चालले होते, म्हणजे एका परीने परसातच! २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क दिला आहे. पण संकरित वेल तो हक्क वापरू देत नाही. दर वर्षी पाकीट विकत घ्यावे लागते. पाकीट वाईट नाही. मात्र पाकिटाच्या नादाने गाडगे फुटले, तर ते पुन्हा भरता येणार नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे जपले म्हणून २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या शाळेत गेल्या नव्हत्या. आपण त्यांच्यासाठी टाळ्या वाजवतो आणि घरी येऊन आईला म्हणतो, "तुला काय कळतंय?" मी स्वतः असे म्हटले आहे.

आता थोडे आपल्या महाविद्यालयाविषयी. गुरुजनांनी रागावू नये. मुख्य इमारतीपुढे हिरवळ आहे. तिच्यावर चालू नये, अशी पाटी आहे. भर एप्रिलमध्ये तिच्यावर कारंज्यासारखे पाणी उडते, आणि त्याच वेळी निम्म्या वर्गाच्या आया घागरी घेऊन रांगेत असतात. वसतिगृहामागे हात धुण्याच्या पाण्याचे डबके साचते, तिथे डास होतात. त्या पाण्यावर अळू, केळ, शेवगा सहज येईल. काय लावायचे हे विचारायला दूरचा पाहुणा बोलावू नये. आपल्या आयांना एक दिवस बोलवावे. त्या व्यासपीठावर बसणार नाहीत. सरळ डबक्याकडे जातील.

हे सारे इतक्या आवेशाने लिहिण्याचा मला कितपत अधिकार आहे, कोण जाणे. कारण आमचे परस यंदा निम्मे जाणार आहे आणि ते माझ्यामुळेच. घरात आम्ही पाचजण आणि खोल्या दोन. बारावीपासून मी अभ्यासाला वेगळी खोली मागत होते. अण्णा गवंडीकाम करतात. दुसऱ्यांच्या खोल्या बांधून आल्यावर रात्री त्यांनी माझ्या खोलीचा हिशेब मांडला. जागा मागेच आहे. आई लगेच हो म्हणाली. "पोर शिकतीय, दोडकं काय बाजारात मिळत्यात." मी आता नको म्हणते, ओसरीला आडोसा करा म्हणते, तर दोघेही माझ्यावरच चिडतात. मला खोली हवी आहे, हेही खरेच आहे.

संक्रांतीनंतर अण्णांनी फक्कीची रेघ मारली. ती पावट्याच्या वेलातून जाते. भोगीच्या भाजीला त्याच्याच शेंगा होत्या. वरच्या शेंगा आईने बियांसाठी ठेवल्या आहेत, त्या अजून हिरव्या आहेत. त्या वाळेपर्यंत अण्णांनी पाया खणायचे थांबवले आहे.