पत्ता आकड्यांतला

कुणीतरी डबी लपवायची, तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे आणि इतरांनी उपग्रहाच्या मदतीने ती शोधून आतल्या वहीत नाव लिहायचे, असा हा जिओकॅशिंगचा खेळ. मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि लगेच ३ मे रोजी ऑरेगनमध्ये डेव्ह उल्मर यांनी पहिली बादली लपवली.

पण जबलपूरच्या कमानिया गेटजवळ, सराफ्याच्या गर्दीत, अशी डबी कोण ठेवील? बेवारस वस्तू दिसली की पोलीसच यायचे! तिथे याच खेळातला भेटीचा प्रकार बरा. लपवायचे काहीच नाही; ठरलेल्या आकड्यांवर सकाळी निदान अर्धा तास जमायचे, वहीत सही करायची, कॉफी प्यायची. कॉफीबरोबर इथली खव्याची जिलेबी आली तर कोण नको म्हणेल?

शिवाय बघायला कमान आहेच. मार्च १९३९ मध्ये जवळच त्रिपुरीला काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याची ही आठवण. पट्टाभी सीतारामय्यांना हरवून अध्यक्ष झालेले सुभाषचंद्र बोस तेव्हा तापाने इतके आजारी होते, की त्यांना स्ट्रेचरवरून मंडपात आणावे लागले. सात आठवड्यांतच, २९ एप्रिलला, त्यांनी राजीनामा दिला. खरेदीच्या घाईत कमानीखालून जाणारे आईबाप हे मुलांना क्वचितच सांगतात. आकड्यांचा माग काढत आलेले एखादे पोर मात्र नक्की विचारील, निवडून आलेला अध्यक्ष एवढ्यात गेला कसा? त्या उत्तराला अर्धा तास पुरायचा नाही. जिलेबीची दुसरी प्लेट मागवावी लागेल.