जुना ट्रक ताऱ्यावरून नव्हे, चासीवरून ओळखा

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, नळदुर्ग-उमरगा भागात जुन्या गाड्या घेणाऱ्या व बांधणाऱ्या बंधूंना आमचे एक सांगणे आहे. बॉनेटवर मर्सिडीजचा तारा दिसला की गाडी अस्सल समजून बयाना देऊ नका. टाटांचा डेमलर-बेंझशी करार १९५४ ते १९६९ असा चालला. पुढे ताऱ्याच्या जागी ‘टी’ आला, पण गाडीची ठेवण बरीच वर्षे तीच राहिली. शिवाय तारा कोणीही बसवील! केबिन, हौदा, इंजिन, सारे बदलता येते. म्हणून चासीवर ठोकलेला नंबर घासून पाहावा व आर. सी. बुकाशी ताडावा. तो खरवडलेला दिसला तर सौदा सोडावा. ‘व्हिंटेज’ म्हणून जादा भावही देऊ नये. २०२१ च्या व्हिंटेज नोंदणी नियमांत दुचाकी व मोटारी येतात, मालट्रक नाहीत.

कारागिरांनीही १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ ध्यानात ठेवावे. फेरबदलाला आर. टी. ओ.ची मंजुरी लागते. ती मालकाकडे मागावी, नंबर व काम वहीत लिहावे. गाडी चोरीची निघाली तर चौकशी गॅरेजपर्यंत येते. तेव्हा हुनर नव्हे, वहीच कामी येईल.