स्कीन्स आहे तोवर

१८ मे २०२५ रोजी फिलाडेल्फियात पॉल स्कीन्सने आठ इनिंग एकट्याने पिचिंग केले. दिले काय, तर तीन हिट आणि एक धाव. पिचरकडून याहून जास्त कोणी मागू शकत नाही. तरीही पिट्सबर्ग पायरेट्स तो सामना १-० असा हरले. समोर मिक एबल नावाचा नवखा पिचर होता; मेजर लीगमधला त्याचा तो पहिलाच सामना. त्याने पायरेट्सचे नऊ फलंदाज स्ट्राइकआउट केले आणि एकालाही वॉक दिला नाही.

हंगाम संपला तेव्हा स्कीन्सचा ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर पडलेल्या धावांची सरासरी, १.९७ होता. नॅशनल लीगचा साय यंग पुरस्कार त्याला एकमताने मिळाला. एवढे होऊनही त्याच्या नावापुढे विजय दहा आणि पराभव दहा. बेसबॉलमध्ये सामन्याचा निकाल पिचरच्या नावावर लागतो, धावा मात्र इतरांनी काढायच्या असतात. पायरेट्सने वर्षभरात ५८३ धावा काढल्या आणि ११७ होम रन मारले. मेजर लीगच्या तीस संघांत दोन्ही आकडे सर्वांत कमी. संघ ७१ सामने जिंकला, ९१ हरला. खेळातला सर्वोत्तम पिचर आणि खेळातली सर्वांत दुबळी फलंदाजी एकाच ड्रेसिंग रूममध्ये बसलेली असताना दोष नशिबाला देता येत नाही. हा संघ कोणी तरी विचार करून बांधलेला आहे, आणि तो असा का बांधला गेला हा आमच्यासारख्या चाहत्यांचा प्रश्न आहे.

भारतातल्या वाचकांना पायरेट्स हे नाव एका वेगळ्या कारणाने आठवत असेल. नोव्हेंबर २००८ मध्ये याच क्लबने उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना करारबद्ध केले होते. (हा रिंकू क्रिकेटमधला नव्हे.) हॉलिवूडने त्यावर चित्रपटही काढला. त्या वेळी पायरेट्स सलग सोळा हंगाम हरून बसले होते, आणि आणखी चार हरायचे होते. १९९३ ते २०१२ अशी सलग वीस वर्षे विजयांपेक्षा पराभव जास्त. अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांत एवढी लांब मालिका दुसऱ्या कोणत्याही संघाच्या वाट्याला आलेली नाही. शेवटची वर्ल्ड सिरीज जिंकली ती १९७९ मध्ये, विली स्टार्जेलच्या काळात. १९९२ मध्ये वर्ल्ड सिरीजच्या उंबरठ्यावर अटलांटाने शेवटच्या क्षणी हरवले आणि त्याच हिवाळ्यात फलंदाज बॅरी बॉन्ड्स सॅन फ्रान्सिस्कोला निघून गेला. तिथून ती वीस वर्षे सुरू झाली.

मधल्या काळात या शहराची बेसबॉलची भूक मेली, असे कोणी म्हणत असेल तर त्याने १ ऑक्टोबर २०१३ ची रात्र आठवावी. एकवीस वर्षांनंतरचा पहिला प्लेऑफ सामना, पीएनसी पार्क या घरच्या मैदानावर, सिनसिनाटीविरुद्ध. काळे कपडे घालून आलेले प्रेक्षक सिनसिनाटीच्या पिचरचे नाव एका सुरात ओढत होते, ‘कुएटो, कुएटो’. जॉनी कुएटोच्या हातून चेंडू निसटून माउंडवर पडला, स्टेडियम गर्जले, आणि पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिनने होम रन मारला. या शहराला फक्त निमित्त लागते.

त्या संघाचे पुढे काय झाले यात आजच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. २०१५ मध्ये पायरेट्सने ९८ सामने जिंकले, पण एकाच सामन्याच्या वाइल्ड कार्ड फेरीत शिकागो कब्स त्यांच्यावर भारी पडले. अशा संघात हिवाळ्यात भर घालायची असते. पायरेट्सने पिट्सबर्गचाच मुलगा असलेला नील वॉकर न्यू यॉर्क मेट्सना देऊन जॉन नीस हा पिचर घेतला, आणि बाकी जागा स्वस्तात भरल्या. २०१६ मध्ये विजय ७८ वर आले. जानेवारी २०१८ मध्ये पिचर गेरिट कोल आणि फलंदाज अँड्र्यू मॅककचन दोघेही एकाच आठवड्यात गेले. त्याच उन्हाळ्यात ख्रिस आर्चर या पिचरसाठी टायलर ग्लासनाऊ, ऑस्टिन मेडोज आणि शेन बाझ टॅम्पा बेला दिले गेले. हा व्यवहार आजही पिट्सबर्गमध्ये निघाला की बोलणे तिथेच थांबते.

मालक बॉब नटिंग यांच्या हाती २००७ पासून क्लब आहे. त्यांच्या बाजूने जे म्हटले जाते ते आधी नीट मांडू, कारण त्यात तथ्य आहे. आयपीएलमध्ये २०२५ च्या लिलावात प्रत्येक संघाच्या थैलीत १२० कोटी रुपये होते. मुंबई असो वा लखनौ, वरची मर्यादा एकच. मेजर लीग बेसबॉलमध्ये अशी मर्यादा नाही. एका रकमेच्या पुढे कर भरावा लागतो एवढेच, आणि लॉस एंजेलिस डॉजर्सनी २०२५ मध्ये तो कर हसत भरून ३० कोटी डॉलरच्या वर पगार वाटला. पायरेट्सचा आकडा नऊ कोटींच्या आसपास होता. स्थानिक टीव्हीचे पैसे ज्याचे त्याच्याकडे जास्त राहतात, आणि लॉस एंजेलिसची बाजारपेठ पिट्सबर्गच्या कित्येक पट आहे. याच शहरात स्टीलर्सने सहा सुपर बोल जिंकले, पेंग्विन्सने पाच स्टॅन्ली कप. अमेरिकन फुटबॉल आणि आइस हॉकीत पगाराला वरची मर्यादा असते. नटिंग यांचे समर्थक याकडे बोट दाखवतात आणि ते चूक नाही.

पण त्याच दोन खेळांत पगाराला खालचीही मर्यादा असते, हे सांगायचे ते विसरतात. किमान इतका खर्च करायचाच, असे बंधन तिथल्या मालकांवर आहे. बेसबॉलमध्ये ते नाही. उलट प्रत्येक क्लब आपल्या निव्वळ स्थानिक उत्पन्नाचा ४८ टक्के भाग एका सामायिक निधीत टाकतो आणि तो सर्वांत समान वाटला जातो, त्यामुळे छोट्या शहरांच्या पदरात दरवर्षी मोठी रक्कम पडते. ही रक्कम संघ सुधारण्यासाठी वापरायची, अशी करारात अट आहे. ती पाळली जात नाही अशी तक्रार खेळाडूंच्या संघटनेने २०१८ मध्ये चार क्लबांविरुद्ध केली. त्यांत पायरेट्स होते. त्याआधी २०१० मध्ये क्लबचे हिशेब फुटले, तेव्हा २००७ आणि २००८ या हरण्याच्या दोन वर्षांत मिळून २ कोटी ९० लाख डॉलरहून अधिक नफा झाल्याचे दिसले.

लहान शहराच्या सबबीला खरे उत्तर मात्र मिलवॉकी देते. बाजारपेठेने पिट्सबर्गहून लहान, आणि पायरेट्सच्याच गटात खेळणारे. २०२५ मध्ये मिलवॉकी ब्रूअर्सनी ९७ सामने जिंकले, तीसही संघांत सर्वाधिक. त्यांच्याकडे डॉजर्सचा पैसा नाही आणि स्कीन्सही नाही. तिथे फलंदाज घडतात, दुसऱ्यांनी सोडलेले खेळाडू उभे राहतात. म्हणून आम्ही दोष फक्त तिजोरीवर टाकून मोकळे होत नाही. तिजोरीखालोखाल जबाबदारी जनरल मॅनेजर बेन चेरिंग्टन यांची आहे.

चेरिंग्टन २०१९ च्या अखेरीस आले आणि त्यांनी संघ मुळापासून नव्याने बांधायला घेतला. २०२१ मध्ये १०१ पराभव, २०२२ मध्ये १००. चाहत्यांनी ते सोसले, कारण पद्धत सर्वांना ठाऊक होती: हरा, नवे खेळाडू निवडण्याच्या ड्राफ्टमध्ये वरचा क्रमांक मिळवा, तरुण मुले वाढवा. पिचरांच्या बाबतीत चेरिंग्टन यांनी शब्द खरा केला. स्कीन्स, जॅरेड जोन्स, बब्बा चँडलर ही रांग कोणत्याही क्लबला हवीहवीशी वाटेल. फलंदाजांच्या बाबतीत सहा वर्षांत हाती काय लागले? २०२१ चा पहिल्या क्रमांकाचा ड्राफ्ट हेन्री डेव्हिसवर खर्च झाला आणि त्याची बॅट मेजर लीगमध्ये अजून बोललेली नाही. ऑनील क्रूझने मे २०२५ मध्ये ताशी १२२.९ मैल वेगाने चेंडू मारला. ही मोजणी सुरू झाल्यापासूनचा तो सर्वांत जोरदार फटका. त्याच क्रूझची वर्षाची सरासरी .२०० च्या घरात. इतकी ताकद असलेल्या खेळाडूला कोणता चेंडू सोडायचा हे शिकवता येत नसेल, तर त्रुटी शिकवणाऱ्यांतही आहे. के’ब्रायन हेजला २०२२ मध्ये आठ वर्षांचा, सात कोटी डॉलरचा करार दिला आणि तीन वर्षांत सिनसिनाटीला पाठवून दिले.

बाकीच्या जागा दर हिवाळ्यात एक-एक वर्षाच्या करारांनी भरायच्या, हा शिरस्ता. पहिल्या बेसवर दरवर्षी नवा माणूस. २०२४ मध्ये तिथे राउडी टेलेझ होता. चार वेळा आणखी फलंदाजीला आला असता तर त्याला दोन लाख डॉलरचा बोनस मिळणार होता. हंगाम संपायला आठवडाही उरला नसताना त्याला मोकळे करण्यात आले. बोनसचा याच्याशी संबंध नाही, असे व्यवस्थापनाने सांगितले. ते मान्य केले, तरी इतर खेळाडूंनी आणि त्यांच्या एजंटांनी त्यातून काय अर्थ काढला असेल याचा विचार कोणी केला? ज्या क्लबकडे पैसा कमी आहे त्याला निदान चांगल्या नावाची तरी गरज असते. पुढच्या हिवाळ्यात, स्कीन्सच्या पहिल्या पूर्ण हंगामाच्या तोंडावर, त्याच्या मदतीला आले ३७ वर्षांचा टॉमी फॅम आणि ३८ वर्षांचा मॅककचन. मॅककचनवर या शहराचे प्रेम आहे आणि ते त्याने मिळवले आहे. पण त्या वयात त्याच्यावर मधल्या फळीचा भार टाकणे हा त्याच्यावरही अन्याय होता.

८ मे २०२५ ला संघ १२-२६ असताना मॅनेजर डेरेक शेल्टन यांना काढले. सहा वर्षांत ३०६ विजय, ४४० पराभव. अशा आकड्यांवर कोणाचीही नोकरी टिकत नाही. पण शेल्टन यांनी हातात दिलेला संघ खेळवला. त्यांच्या जागी आलेले पिट्सबर्गचेच डॉन केली यांनी ५९ जिंकले, ६५ हरले. सुधारणा झाली, मर्यादाही तीच राहिली. संघ निवडणारे जिथल्या तिथे आहेत.

२०२५ चा एप्रिल महिना मात्र नुसत्या आकड्यांत मावणारा नाही. घरच्या पहिल्याच सामन्याला मैदानावरून विमान फिरले, मागे फलक: संघ विका. स्टँडमध्ये त्याच घोषणा. त्याच दिवसांत उजव्या भिंतीवरची रॉबर्टो क्लेमेंटे या पायरेट्सच्या दिवंगत खेळाडूच्या २१ क्रमांकाची खूण गेली आणि तिथे डबाबंद मद्याची जाहिरात लागली. ती भिंत २१ फूट उंच आहे ती त्याच्याच क्रमांकासाठी. १९७२ च्या ३१ डिसेंबरला निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेला क्लेमेंटे विमान अपघातात गेला. स्टेडियमकडे जाणाऱ्या पुलाला त्याचे नाव आहे. त्याच्या मुलाने नाराजी बोलून दाखवल्यावर क्लबने चूक मानली आणि खूण परत लावली. मग विटांची बातमी आली. पीएनसी पार्क २००१ मध्ये उघडले त्या सुमारास हजारो लोकांनी पैसे देऊन आपल्या, आपल्या आईवडिलांच्या, गेलेल्या माणसांच्या नावांच्या विटा बाहेरच्या फरसबंदीत बसवून घेतल्या होत्या. त्या रिसायकलिंगच्या आवारात ढिगाने पडलेल्या सापडल्या. झिजल्या-तुटल्या म्हणून काढल्या, हे क्लबचे स्पष्टीकरण खरेही असेल. ज्यांची नावे त्यांवर होती त्यांना आधी एक फोन करावा, हे एवढ्या मोठ्या कार्यालयात कोणाला सुचू नये? भिंत आणि विटा यांना फारसा पैसा लागत नव्हता. तिथे पैशाची सबब चालत नाही.

‘संघ विका’ ही घोषणा आम्हाला समजते, तिच्यावर संघ उभा राहील असे वाटत नाही. मालकाला विकायला भाग पाडण्याचे साधन चाहत्यांच्या हाती नाही. ओकलंडच्या चाहत्यांनी हीच घोषणा दिली होती. २०२४ नंतर त्यांच्या शहरात संघच उरला नाही. त्यापेक्षा मागणी अशी हवी की तिचे पालन झाले की नाही हे मोजता येईल. स्कीन्स २०२९ च्या हंगामानंतर कोणत्याही क्लबशी करार करायला मोकळा होतो. क्लबने २०२४ मध्ये त्याला ११ मेपर्यंत खालच्या लीगमध्ये ठेवले होते, पण तो नवोदितांत पहिला आला आणि नियमाने त्याला सेवेचे पूर्ण वर्ष मिळाले. म्हणजे २०२६ पासून हाती चार हंगाम आहेत. यातल्या प्रत्येक हंगामात एक-दोन सिद्ध फलंदाज अनेक वर्षांच्या करारावर हवेत, आणि फलंदाज घडवण्याच्या विभागाचा कारभार ज्यांना जमलेला नाही त्यांच्याकडून काढून घ्यायला हवा.

डिसेंबर २०२५ मध्ये टॅम्पा बेकडून ब्रँडन लाऊ आणला गेला, २०२५ च्या हंगामात ३१ होम रन मारलेला. रायन ओहर्नशी दोन वर्षांचा, २ कोटी ९० लाख डॉलरचा करार झाला. चेरिंग्टन यांच्या कारकिर्दीत असा हिवाळा आम्ही पाहिला नव्हता, आणि त्याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. खालून कॉनर ग्रिफिन येत होता. तेव्हा विशीही न गाठलेला हा शॉर्टस्टॉप देशातल्या उमेदवारांत अव्वल मानला जात होता. पण लाऊचा करार २०२६ बरोबर संपतो, आणि तेव्हा पुन्हा तोच प्रश्न समोर येईल. मालक आणि खेळाडू यांच्यातला सध्याचा करारही १ डिसेंबर २०२६ ला संपतो. पगाराच्या मर्यादेवरून तेव्हा मोठा वाद होणार, हे आजच दिसते आहे. नटिंग यांना ती मर्यादा हवी असेल तर त्यांनी खालच्या मर्यादेचाही आग्रह धरावा. तिची वाट पाहत २०२६ मध्ये हात आखडता घेतला आणि पुढे २०२७ चा हंगाम वादात अडकला, तर स्कीन्सच्या चार वर्षांतली दोन तिथेच जातील.