हिरवं, काळं अन् गुलाबी

मैत्रिणींनो, पावसाळा लागला की आमच्या ढाणकीत न्हाणीच्या फरशीवर हिरवं, बुळबुळीत शेवाळ चढतं. गेल्या श्रावणात सासूबाई त्यावरूनच घसरल्या. मनगट दीड महिना प्लास्टरमध्ये!

गच्चीवरचे काळे डाग मळाचे वाटतात ना? तेही बहुधा निळं-हिरवं शेवाळच. उन्हाळ्यात काळं पडून निपचित राहतं, पहिल्या सरीनं जागं होतं.

शेवाळाला ओल हवी अन् उजेडही. म्हणून पाण्याच्या टाकीला घट्ट झाकण ठेवावं. फरशीवर ब्लीचिंग पावडर कालवून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, खराट्यानं घासा, भरपूर पाणी ओता. तिच्यात ॲसिड मात्र मुळीच मिसळू नका, विषारी वायू निघतो. आणि तळ्यावर हिरवी साय धरली असेल, तर तिथं गुरांना पाणी पाजू नये. काही जाती विषारी असतात.

रंगावरून फसायलाही होतं. जून २०२० मध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं, तेव्हा शेवाळाचंच नाव पुढं आलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासलं, तर निघाले खारट पाण्यात वाढणारे वेगळेच सूक्ष्मजीव. लोणारचा एरवीचा हिरवा रंग मात्र खरोखरच शेवाळाचा.