भागीदार नफ्याचा की अपघाताचा?

घरपोच माल पोहोचविणाऱ्या युवकाला कंपन्या ‘भागीदार’ म्हणून गौरवितात. मात्र त्याच्या दुचाकीखाली एखादा पादचारी सापडला, की ‘तो आमचा नोकर नव्हे’ असे सांगून हात झटकून मोकळ्या होतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार भरपाईचा बोजा चालक, वाहनमालक व विमा कंपनीवर पडतो. येथे चालक आणि मालक बहुधा एकच, तोही हातावर पोट असलेला! खासगी वापराच्या विम्यावर धंदा केला, ही हरकत विमा कंपनीला आयतीच सापडते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगाराची दखल घेतली. जायबंदी पादचाऱ्याचे काय? वेळ आणि मोबदला जो ठरवितो, नफा ज्याच्या तिजोरीत जातो, अपघाताचे दायित्वही त्याच्याच माथी असले पाहिजे. कायद्याने हे निःसंदिग्ध शब्दांत सांगावे!