चौसष्टाव्या क्रमांकाची लढाई

शेफिल्डच्या क्रूसिबल नाट्यगृहात जागतिक स्नूकर स्पर्धेच्या अंतिम सामन्याचे शेवटचे सत्र सुरू होते, तेव्हा भारतात रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. मे २०२५ मध्ये अशाच एका रात्री चीनच्या झाओ शिन्तोंगने वेल्सच्या मार्क विल्यम्सचा १८-१२ असा पराभव केला आणि जगज्जेता होणारा पहिला आशियाई खेळाडू म्हणून आपले नाव कोरले. ५ लाख पौंडांचे पारितोषिक आणि जगभरातील मथळे त्याच्या वाट्याला आले. ते योग्यच होते. परंतु त्याच शेफिल्डमध्ये, त्याच मोसमाच्या अखेरीस आणखी एक शर्यत प्रकाशझोतापासून दूर संपत असते. ती विजेतेपदाची नसून चौसष्टाव्या क्रमांकाची असते. भारतीय स्नूकरचे भवितव्य या दुसऱ्या शर्यतीशी जोडलेले आहे आणि आपल्याकडे तिची चर्चा जवळजवळ होतच नाही.

व्यावसायिक स्नूकरचे जग फार लहान आहे. जगभरातून साधारण १२८ खेळाडूंनाच व्यावसायिक कार्ड मिळते आणि ते दोन मोसमांपुरते असते. जागतिक स्पर्धा संपली की क्रमवारीतील पहिल्या ६४ जणांचे स्थान कायम राहते. कार्डाचे पहिलेच वर्ष संपलेल्यांना आणखी एक मोसम मिळतो, तर मोसमात विशेष चांगली कामगिरी करणाऱ्या मोजक्या खेळाडूंना एका वर्षाच्या कमाईच्या यादीतून पुन्हा संधी दिली जाते. बाकीच्यांनी घरी जायचे, किंवा ‘क्यू स्कूल’ या पात्रता स्पर्धेच्या दारात नव्याने उभे राहायचे. चौसष्टावा आणि पासष्टावा यांच्या खेळात फरक असतो तो एखाद्या फसलेल्या पॉटचा. त्यांच्या उपजीविकेत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर पडते.

पैसा हाच गुण

ही क्रमवारी ठरते कशी, हे समजून घेणे आवश्यक आहे. पूर्वी प्रत्येक स्पर्धेला ठरावीक गुण असत. २०१४ पासून ती पद्धत मोडीत निघाली आणि मानांकन स्पर्धांतून मिळालेली बक्षिसाची रक्कम हाच गुण ठरला. मागील दोन वर्षांची कमाई एकत्र धरली जाते. एखादी स्पर्धा पुन्हा आली की दोन वर्षांपूर्वी तिच्यात मिळवलेली रक्कम वजा होते आणि नवी रक्कम जमा होते. वहीत नवे पान लावायचे आणि त्याच वेळी सर्वांत जुने पान फाडायचे, असा हा हिशेब आहे. त्यामुळे खेळाडू स्वस्थ बसला तरी त्याचा क्रमांक घसरत राहतो.

या पद्धतीचा एक गुण निर्विवाद आहे. ती पारदर्शक आहे. कोणाला किती हवे, हे प्रत्येकाला पौंडांत ठाऊक असते. पण तिचा कल वरच्यांकडे झुकलेला आहे. २०२५ च्या जागतिक स्पर्धेत विजेत्याला ५ लाख, उपविजेत्याला २ लाख, तर पहिल्या फेरीत हरणाऱ्याला २० हजार पौंड होते. सौदी अरेबियात २०२४ मध्ये सुरू झालेल्या मास्टर्स स्पर्धेतही विजेत्यासाठी ५ लाख पौंड ठेवण्यात आले. अशा एका आठवड्याच्या यशाने वर्षभराची सातत्यपूर्ण मेहनत झाकोळून जाऊ शकते. वरच्या खेळाडूंना त्याने फारसा धक्का बसत नाही. तळाच्या खेळाडूला मात्र एकेका हजाराचा हिशेब ठेवावा लागतो.

म्हणूनच जागतिक स्पर्धेची पात्रता फेरी ही मोसमातील सर्वांत निर्दय परीक्षा मानली जाते. पहिले सोळा मानांकित थेट क्रूसिबलमध्ये उतरतात. उरलेल्या सोळा जागांसाठी सव्वाशेहून अधिक खेळाडू झुंजतात. २०२५ मध्ये या फेऱ्यांतील बक्षिसे ५ हजार, १० हजार, १५ हजार पौंड अशी एकेक पायरी चढत जाणारी होती. मोसमाची ही शेवटची स्पर्धा असल्याने येथील एक विजय कार्ड वाचवतो आणि एक पराभव कारकीर्द थांबवतो. दहा फ्रेम जिंकण्याची ती लढत बहुधा मोजक्या प्रेक्षकांसमोर होते. टेबलाशी वाकलेल्या खेळाडूच्या मनात मात्र लाल चेंडूंबरोबर पुढील दोन वर्षांचे घरभाडेही असते.

असोदा ते शेफिल्ड

हे अंतर आपल्या भूमीवरून मोजून पाहावे. जळगाव शहरालगतचे असोदा हे गाव महाराष्ट्राला बहिणाबाई चौधरी यांचे माहेर म्हणून ठाऊक आहे. खानदेशातील अशा गावात नेमबाजीच्या हाताला वळण लावणारा खेळ कोणता, तर कॅरम. त्याची पाटी जेमतेम २९ इंचांची असते. ती खाटेवर मांडता येते, ओट्यावर मांडता येते आणि चार घरांत मिळून एक असली तरी चालते. जळगावच्या जैन इरिगेशनसारख्या उद्योगाने कॅरमपटूंचा संघ उभा केला, त्यामागे हा खेळ घराघरांत रुजलेला असणे हे एक कारण आहे.

स्नूकरचे टेबल सुमारे बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद असते. त्याच्या लाकडी सांगाड्यावर पाटीच्या दगडाचे जाड तुकडे बसवलेले असतात, त्यावर लोकरीचे कापड ताणलेले असते आणि चारही बाजूंनी क्यू फिरवण्याइतकी मोकळी जागा लागते. म्हणजे एका टेबलासाठी स्वतंत्र दालन हवे. हा खेळ महाराष्ट्रात वाढला तो मुंबई-पुण्याच्या जिमखान्यांत, तेथील सदस्यत्वाच्या कुंपणाआड. गल्लीबोळांतील पार्लरांनी हे कुंपण काहीसे खाली आणले खरे, पण ‘टेबलावर वेळ घालवणारी मुले’ हा शिक्का घेऊनच. त्यामुळे असोद्यातील मुलाच्या अंगी उत्तम नजर आणि स्थिर हात असला, तरी त्याची पहिली लढाई टेबलापर्यंत पोहोचण्याचीच ठरते. जिल्हा, राज्य, राष्ट्रीय, आशियाई, मग व्यावसायिक कार्ड आणि त्यानंतर चौसष्टावा क्रमांक, अशी ही चढण आहे.

विरोधाभास असा, की स्नूकरचा जन्म भारतातच झाला. १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीत ब्रिटिश अधिकारी नेव्हिल चेंबरलेन याने बिलियर्डसच्या टेबलावर रंगीत चेंडू मांडून हा प्रकार सुरू केला, असे मानले जाते. पुढे उटीच्या क्लबात त्याचे नियम बांधले गेले. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्डस विजेतेपद जिंकले आणि ते भारताचे पहिले वैयक्तिक जगज्जेते ठरले. स्नूकरमध्ये ओमप्रकाश अगरवाल यांनी १९८४ मध्ये जागतिक हौशी विजेतेपद मिळवले. मुंबईच्या यासिन मर्चंट यांनी १९८९ आणि २००१ मध्ये आशियाई विजेतेपद आणले. पंकज अडवानीच्या जागतिक विजेतेपदांची संख्या तर पंचवीसच्या पुढे गेली. हौशी गटातील या वैभवाच्या तुलनेत व्यावसायिक क्रमवारीतील भारताचे स्थान फारच किरकोळ राहिले आहे.

प्रतिभा होती, पाठबळ नव्हते

याचे कारण गुणवत्तेचा अभाव हे नाही. २०१३ च्या वेल्श ओपनमध्ये अडवानीने उपान्त्यपूर्व फेरी गाठली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्लीत भारतातील पहिली मानांकन स्पर्धा झाली आणि मुंबईच्या आदित्य मेहताने स्टीफन मॅग्वायरसारख्या कसलेल्या खेळाडूला हरवून अंतिम फेरीत धडक मारली. चीनच्या डिंग जुन्हुईने तेथे त्याला ५-० असे नमवले. तरीही मानांकन स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचणारा पहिला भारतीय हा मान त्याचाच. २०१४ मध्ये जर्मनीतील पॉल हंटर क्लासिकमध्ये त्याने १४७ गुणांचा सर्वोच्च ब्रेकही नोंदवला. या यशानंतर त्याची घोडदौड सुरू राहील, असे वाटत होते. पण दुखापतीने घात केला आणि २०१६ मध्ये तो व्यावसायिक वर्तुळाबाहेर पडला. जेथे दर आठवड्याला जुनी कमाई वजा होते, तेथे आजारी खांद्याला रजा नसते.

अडवानीने २०१४ मध्ये स्वतःहून व्यावसायिक कार्ड सोडले आणि तो भारतात परतला. त्याच्या निर्णयाकडे केवळ वैयक्तिक निवड म्हणून पाहणे अपुरे ठरेल. भारतीय क्यू-क्रीडेची घडी नोकरीवर आधारलेली आहे. तेल कंपन्यांनी या खेळाडूंना नोकऱ्या दिल्या. अडवानी स्वतः ओएनजीसीच्या सेवेत आहे. या व्यवस्थेने खेळाडूंना स्थैर्य दिले, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि ती व्यवस्था पदकांसाठी रचलेली आहे. राष्ट्रीय आणि जागतिक हौशी स्पर्धा खेळून पगार आणि सन्मान दोन्ही मिळत असताना, शेफिल्डमध्ये भाड्याच्या खोलीत राहून चौसष्टाव्या क्रमांकासाठी झगडण्याचा शहाणपणा कोणी का दाखवावा?

व्यावसायिक खेळाडूचे अर्थकारण नोकरदारापेक्षा खानदेशातल्या केळी उत्पादकाला अधिक चटकन उमगेल. आधी सगळा खर्च करायचा आणि भाव काय मिळेल ते पीक हाती आल्यावर पाहायचे. विमानाचे तिकीट, व्हिसा, इंग्लंडमधील मुक्काम, सरावाच्या टेबलाचे भाडे हे सारे पौंडांत मोजायचे. आणि पहिल्याच सामन्यात हरले, तर अनेक स्पर्धांत हाती काहीही पडत नाही. २०२२-२३ च्या मोसमापासून प्रत्येक खेळाडूला किमान २० हजार पौंडांची हमी देण्याचा प्रयोग सुरू झाला. रक्कम रुपयांत वीस लाखांच्या वर भरते, म्हणून मोठी वाटते. पण ती अनुदान नव्हती, उचल होती. बक्षिसाच्या रकमेतून ती वळती व्हायची. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या खेळाडूला तिचा आधार झाला असेल, भारतातून जाणाऱ्याचा मात्र प्रवास आणि निवास यांतच तिचा मोठा वाटा संपतो.

चीनने हेच कोडे वेगळ्या रीतीने सोडवले. २००५ मध्ये अठरा वर्षांच्या डिंगने बीजिंगमध्ये स्टीफन हेन्ड्रीला हरवून चायना ओपन जिंकली आणि तेथे खेळाची लाट आली. चीनने ती ओसरू दिली नाही. देशात एकामागून एक मानांकन स्पर्धा आणल्या, प्रशिक्षण केंद्रे उघडली आणि शेफिल्डमध्येच अकादमी उभारून मुलांना तेथे ठेवले. त्यामुळे पराभूत चिनी खेळाडूला दुसऱ्या दिवशी सरावासाठी टेबल, सोबती आणि जेवण मिळते. या वाटेवर काटेही होते. सामनानिश्चितीच्या प्रकरणात २०२३ मध्ये दहा चिनी खेळाडूंवर बंदी आली आणि त्यांत खुद्द झाओही होता. कोवळ्या वयात, घरापासून दूर, तुटपुंज्या कमाईवर जगणारे खेळाडू आमिषाला सहज बळी पडतात, हा त्या प्रकरणाचा धडा आहे. बंदी संपल्यावर झाओ हौशी खेळाडू म्हणून परतला, पात्रतेचे चार सामने जिंकून क्रूसिबलमध्ये पोहोचला आणि जगज्जेता झाला. त्याचे पुनरागमन त्याच्या प्रतिभेचे होते, तसेच त्याच्या मागे उभ्या असलेल्या यंत्रणेचेही होते.

भारताकडेही संधी चालून आली होती. दिल्लीनंतर २०१५ मध्ये मुंबई, २०१६ मध्ये हैदराबाद, २०१७ मध्ये विशाखापट्टणम आणि २०१९ मध्ये कोची येथे इंडियन ओपन भरली. त्यानंतर ही मालिका खंडित झाली. मायदेशी होणारी मानांकन स्पर्धा ही केवळ उत्सव नसते; स्थानिक खेळाडूला प्रवासखर्चाविना क्रमवारीची रक्कम मिळवून देणारा तो मार्ग असतो. दुसरीकडे २०१० नंतर आशियाई क्रीडास्पर्धांतून क्यू-क्रीडा वगळल्या गेल्या आणि सरकारी मदतीचा ओघ ज्या पदकांच्या दिशेने वाहतो, त्या नकाशावरून हा खेळ पुसला गेला.

अशा परिस्थितीतही मुंबईच्या इशप्रीत सिंग चढ्ढाने २०२३ मध्ये पात्रता स्पर्धेतून कार्ड मिळवले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये इंग्लिश ओपनची उपान्त्य फेरी गाठली. नील रॉबर्टसनने तेथे त्याचा मार्ग रोखला. ही कामगिरी आनंददायक आहे, तितकीच अस्वस्थ करणारीही आहे. आदित्यच्या अंतिम फेरीनंतर अकरा वर्षांनी पुन्हा एकच नाव पुढे येते, याचा अर्थ आपल्याकडे खेळाडू आहेत, रांग नाही.

करावयाच्या गोष्टी अवघड नाहीत. बक्षिसे आणि पुरस्कार पदकानंतर दिले जातात. कार्ड मिळवणाऱ्या खेळाडूला गरज असते ती आधीच्या दोन वर्षांची. त्या दोन वर्षांचा प्रवास आणि निवास एखाद्या उद्योगसमूहाने वा राज्य शासनाने उचलला, तर होणारा खर्च एखाद्या मध्यम क्रीडास्पर्धेच्या मंडपापेक्षा फार नसेल. तेल कंपन्यांनी नोकरी कायम ठेवून खेळाडूला व्यावसायिक मोसमासाठी मोकळे सोडावे. जिल्हा क्रीडा संकुलांतील एखाद्या दालनात दोन टेबले बसली, तर असोद्याच्या मुलाला जिमखान्याचे सदस्यत्व शोधावे लागणार नाही. आणि महासंघाने इंडियन ओपनचे पुनरुज्जीवन हे आपले पहिले काम मानावे.

पदकांची मोजदाद करणे सोपे असते; ती एका दिवसात मिळतात आणि भिंतीवर टांगता येतात. चौसष्टाव्या क्रमांकाचे तसे नाही. तो दर आठवड्याला नव्याने कमवावा लागतो आणि त्यासाठी कोणी हारतुरे घेऊन विमानतळावर उभे राहत नाही. परंतु ज्या देशाचे पाच-सहा खेळाडू त्या रेषेच्या वर टिकून राहतात, त्याच देशातून कधीतरी क्रूसिबलचा विजेता निघतो. झाओच्या यशाचा हिशेब २००५ पासून मांडावा लागतो. आपला हिशेब कधी सुरू करायचा, हे ठरवण्याची वेळ आली आहे.